वस्तीचा समाज करणारी कला

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रीगजाननाची प्रतिष्ठापना होते आणि घराघरांतून, गल्लोगल्लींतून आरत्यांचा घोष उठू लागतो. एरवी केवळ येण्याजाण्याच्या कामी येणारे रस्ते या दहा दिवसांत उभे राहण्याच्या, बसण्याच्या आणि परस्परांची विचारपूस करण्याच्या जागा होतात. वर्षभर ज्यांची जिन्यावर नुसती नजरानजर होते, ते शेजारी मांडवात एकाच सतरंजीवर बसलेले दिसतात. हा पालट विघ्नहर्त्याच्या कृपेचा, यात संशय नाही. परंतु त्याच्या मूर्तीपुढे जे गायिले जाते, वाजविले जाते, सोंग घेऊन सांगितले जाते, त्या कलेचाही या पालटात मोठा वाटा असतो. उत्सवाच्या या मंगल पर्वावर त्या वाट्याचा थोडा विचार वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा मानस आहे.

आमचा निवास पैठणक्षेत्री व व्यवसाय कीर्तनाचा. गोदातीरावरून छत्रपती संभाजीनगराकडे निघाले, की ढोरकीन व बिडकीन मागे पडल्यावर, शहर सुमारे पंधरा किलोमीटरांवर उरते तेथे, चितेगाव लागते. पैठण तालुक्यातील हे मुळचे शेतीवर जगणारे गाव. तेथे व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना उभा राहिला आणि गावाचे रूप पालटले. कामाच्या शोधात जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे आली. जेथे ज्वारी डोलत होती तेथे पत्र्यांच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. पुढे २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायप्रक्रियेत गेली आणि तिच्या भरवशावर आलेल्या कित्येक कुटुंबांचा आधार हलला. आता शेजारच्या बिडकीन परिसरात 'ऑरिक' ही विस्तीर्ण औद्योगिक नगरी आकार घेत आहे. म्हणजे पुन्हा नवी माणसे येणार, नव्या खोल्या उठणार. गाव जेथे संपते आणि शहर जेथे सुरू होते, त्या उंबरठ्यावर चितेगाव उभे आहे. अशा ठिकाणी प्रश्न पडतो तो असा, की खोल्यांच्या रांगेची वस्ती केव्हा होते आणि वस्तीचा समाज केव्हा होतो?

'समाज' या शब्दाचे मूळ

'समाज' हा शब्द आज आपण लोकसमुदाय या अर्थाने योजतो. प्राचीन वाङ्मयात मात्र त्याचा अर्थ अधिक नेमका होता. उत्सवासाठी, खेळ-नाटकांसाठी, गायन-वादनासाठी ठरल्या दिवशी भरणारा मेळावा म्हणजे 'समाज'. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतही हा शब्द याच अर्थाने आला आहे. आचार्य वात्स्यायनांनी नगरवासी माणसाची दिनचर्या सांगताना अशा समाजाचे वर्णन केले आहे. पंधरवड्याच्या किंवा महिन्याच्या ठराविक दिवशी सरस्वतीच्या मंदिरी नागरिकांनी जमावे, बाहेरगावाहून आलेल्या नटांनी आपला खेळ सादर करावा, दुसऱ्या दिवशी त्यांचा ठरलेला सत्कार व्हावा, असा तो परिपाठ होता. आणि त्याच ओघात आचार्य आणखी एक गोष्ट सांगून जातात, ती आमच्या मते सर्वांत मोलाची आहे. असे एकत्र येणाऱ्यांनी उत्सवात आणि संकटात परस्परांसाठी एक होऊन कार्य करावे, असा तो संकेत.

उत्सव आणि संकट ही जोडी आचार्यांनी सहज घातलेली नाही. जे सुखात एकत्र बसत नाहीत, ते दुःखात एकमेकांच्या दारी जाणार कसे? टाळ धरण्याच्या निमित्ताने ज्याचे नाव कळले, त्याच्या घरी आजार आल्याचे वृत्तही कळते. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याच्या दारावरून आपण पाळीची वेळ गाठण्यासाठी घाईने निघून जातो. मेळाव्याचे नाव पुढे माणसांच्या समुदायालाच मिळाले, यात आमच्या भाषेचे मोठे शहाणपण आहे.

पहिला प्रयोग आणि पहिली विघ्ने

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील आरंभीची कथा अनेकांस ठाऊक असेल. देवांनी ब्रह्मदेवाकडे मागणी केली, की डोळ्यांनी पाहता यावी व कानांनी ऐकता यावी अशी क्रीडा आम्हांस द्यावी, आणि ती सर्व वर्णांस मोकळी असावी. ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन पाचवा वेद निर्माण केला. वेदाध्ययनाचा अधिकार ज्यांस त्या काळी नाकारला गेला होता, त्यांच्यासाठीही हा वेद खुला होता, हे विसरता कामा नये.

पुढचा भाग आजच्या उत्सवप्रसंगी विशेष चिंतनीय आहे. पहिला प्रयोग देवांच्या विजयाचा झाला. त्यात दैत्यांचा पराभव रंगविला होता. ते पाहून दैत्य संतापले, विघ्नांना हाताशी धरून त्यांनी नटांची वाणी आणि हालचालच थिजवून टाकली. इंद्राने आपल्या ध्वजदंडाने त्या विघ्नांस झोडपले. विश्वकर्म्याने नाट्यगृह बांधले. कोनाकोनात रक्षक देवता बसल्या. तरी ब्रह्मदेवाचे समाधान झाले नाही. त्याने विघ्नकर्त्यांना जवळ बोलावले आणि गोडीने समजाविले, की हे नाट्य एकट्या देवांचे नव्हे. त्यात तिन्ही लोकांचे चरित्र आहे, तुमचेही आहे.

कोणत्याही वस्तीत उत्सव सुरू झाला, की अशी विघ्ने येतात. कोणी वर्गणी देत नाही, कोणी मांडवास हरकत घेतो, कोणी मद्य पिऊन गोंधळ घालतो. अशा वेळी दंडाचा मार्ग प्रथम सुचतो. परंतु आमचा आजवरचा अनुभव असा, की बहुधा ज्याला मांडवात स्थान मिळालेले नसते, तोच बाहेर उभा राहून विघ्न करतो. त्याच्या हाती ढोलकी दिली, त्याला सोंगात एक पात्र दिले, की विघ्न निम्मे निवळते. विघ्नहर्त्याची उपासना करणाऱ्यांनी ब्रह्मदेवाची ही युक्ती ध्यानी ठेवावी.

चाळीतील चतुर्थी

पुराणकाळातून आता अलीकडच्या शतकात येऊ. पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्ये सार्वजनिक गणपती बसविला. १८९३ मध्ये मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून या उपक्रमाचा पुरस्कार केला आणि १८९४ पासून त्याचे लोण गावोगाव पसरले. हा इतिहास सर्वविदित आहे. त्यातील एका गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. हा उत्सव राजवाड्यात किंवा एखाद्या पुरातन देवालयातही रुजला नाही. तो रुजला पेठेत आणि चाळीत. चाळ म्हणजे काय? कोकणातून, घाटावरून, निरनिराळ्या गावांहून नोकरीसाठी आलेली कुटुंबे, एकेका खोलीत, एका लांब सज्जाच्या आधाराने. त्यांचे ग्रामदैवत मागे राहिलेले, जत्रा मागे राहिलेली. त्या बिनदेवळाच्या माणसांस चौकातला गणपती देऊळ झाला, आणि त्याच्यापुढे गाणारे मेळे त्यांची जत्रा झाले.

मेळा म्हणजे एका पेठेतील वा गल्लीतील मुलांचे पथक. एकसारखा पोशाख, हाती झांजा किंवा लेझीम, मुखी पदे. पदे रचणारा बहुधा त्याच वस्तीतला कवी, चाली बसविणारा तिथलाच पेटीवाला. तालमी उत्सवाच्या कितीतरी आधीपासून चालत. सरकारला या पदांची इतकी धास्ती वाटली, की १९१० च्या सुमारास पुण्यात मेळ्यांवर कडक निर्बंध आले. बंदुकीची भीती नसलेल्या सरकारला पोरांच्या झांजांची भीती का वाटावी? कारण त्या झांजांनी गल्लीला आपण एक आहोत ही जाणीव दिली होती. आपण पत्रकार झालो नसतो तर कीर्तनकार झालो असतो, असे लोकमान्य म्हणत. त्यामागेही हीच जाण असावी, असे आम्हांस वाटते.

आमच्या मराठवाड्याची कथा याहून बिकट. निजामी राजवटीत सभा-संमेलनांवर नाना बंधने होती. 'गश्ती निशाण ५३' हे फर्मान जुन्या पिढीच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले. अशा काळात गणेशोत्सव, त्यातील मेळे आणि कीर्तने हीच लोकांनी एकत्र येण्याची ठिकाणे ठरली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्या लढ्याची मनोभूमी घडविण्यात या मांडवांचाही हातभार होता. आजही छत्रपती संभाजीनगरात राजाबाजारातील संस्थान गणपतीच्या पूजनाने विसर्जन मिरवणुकीस आरंभ होतो. शहर कितीही पसरले, तरी पहिला मान जुन्या पेठेचा.

गिरणगावाचा वारसा

मुंबईतील परळ, लालबाग, काळाचौकी, वरळी या कामगारवस्त्यांस मिळून 'गिरणगाव' म्हणत. तेथील खोल्यांत माणसे इतकी दाटीने राहत, की एक पाळीवरून येऊन निजे तेव्हा दुसरा उठून कामावर जाई. कोकणातील एकेका गावाच्या मंडळाने एखादी खोली घेतलेली असे आणि तीत त्या गावचे पुरुष एकत्र नांदत. अशा कोंदट जागी कला टिकेल, असे कोणास वाटले असते? पण त्याच खोल्यांतून डबलबारीची भजने रंगली, नमन-खेळे आणि शक्ती-तुऱ्याचे सामने झाले, दशावतार उभा राहिला, घाटावरच्यांनी भारुडे आणि लोकनाट्ये आणली. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या परळ येथील दामोदर नाट्यगृहात गिरणीकामगार नाटके करू लागले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले; पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत याच शाहिरांच्या डफाने मैदाने भरून गेली. त्या शाहिरांची राजकीय मते कोणाला मान्य असोत वा नसोत, वस्तीच्या पोटातून आलेला आवाज वस्तीला कसा उभा करतो याचे ते साक्षी होते.

लालबागच्या राजाची कथा याच मातीतली. १९३२ मध्ये पेरू चाळ येथील बाजार बंद झाला, कोळी आणि छोटे व्यापारी उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणरायाला नवस बोलला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये तेथे गणपती बसला. आज लक्षावधी भाविक तेथे रांगा लावतात. परंतु त्या रांगेच्या मुळाशी पोटासाठी धडपडणाऱ्या एका बाजाराचा नवस आहे, हे दर्शन घेताना आठवावे.

नाथांनी दाखविलेली वाट

आम्ही पैठणकर, नाथांचे नाव घेतल्यावाचून आमचे कोणतेही निरूपण पूर्ण होत नाही. शांतिब्रह्म एकनाथ महाराज (१५३३–१५९९) हे भागवतावरील थोर टीकाकार. एकनाथी भागवत त्यांनी १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केले. ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी त्यांनी केली. असा प्रकांड पंडित आपल्या नगरीच्या रस्त्यावर उतरला आणि त्याने काय पाहिले? वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, फकीर, कोल्हाटीण. दारोदार फिरणारी, पंडितांच्या दृष्टीने हलकी अशी सारी सोंगे. नाथांनी ती सोंगे हटविली नाहीत. त्यांच्याच तोंडी त्यांनी वेदान्त घातला. विंचवाच्या दंशाचे भारूड ऐकताना बाया-बापड्या हसतात, आणि हसता हसता काम-क्रोधाच्या विषाची गोष्ट त्यांच्या गळी उतरते.

पैठण तेव्हा मोठी व्यापारी पेठ होती. निरनिराळ्या जातींचे, धंद्यांचे, धर्मांचे लोक तेथे नांदत. अशा नगरीत माणसे एकमेकांच्या शेजारी राहूनही परकी असतात. नाथांनी भारुडाच्या रूपाने त्यांस एकमेकांचे बोलणे ऐकविले. वस्तीला जागविण्यासाठी त्यांनी बाहेरून काही आणले नाही. जे वस्तीत होते, पण ज्याला मान नव्हता, त्यालाच मान दिला. आमच्या मते सगळे मर्म येथे आहे.

हे मर्म आपल्याच भूमीपुरते नाही. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर, जेथे १८४५ पासून आपल्या देशातील मजूर नेले गेले, गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ढोल वाजविणे इंग्रज सरकारने १८८० च्या दशकात बंद पाडले. लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे डबे आले आणि शेवटी तेलाची रिकामी पिंपे ठोकून, त्यांच्या तळाला स्वर लावून पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब टेकड्यांवरील तरुणांनी 'स्टीलपॅन' हे नवेच वाद्य घडविले. प्रत्येक वस्तीचा आपला वाद्यमेळ, आपले तालमीचे अंगण. ज्यांना प्रतिष्ठित लोक गुंड म्हणत, त्यांचा वाद्यवृंद १९५१ मध्ये लंडनच्या महोत्सवात गेला, आणि १९९२ मध्ये ते त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य म्हणून घोषित झाले. टाकाऊ पिंपातून ज्यांनी नाद काढला, त्यांनी आपल्या वस्तीचेही दैन्य थोडे हलके केले.

चितेगावच्या खोल्यांत

चितेगाव परिसरात गणेशोत्सवातील कीर्तनाच्या निमित्ताने आमचे वर्षानुवर्षे जाणे आहे. प्रथम गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. श्रोते गटागटाने बसत. परभणीकडचे एका बाजूस, बीडकडचे दुसऱ्या बाजूस, जालन्याचे तिसरीकडे, आणि उत्तरेकडून आलेले बिहारी, उत्तर प्रदेशी कामगार मागे उभेच. पूर्वरंगात निरूपण चालले असता कोणी जागचे हलत नसे. उत्तररंगात आख्यान सुरू झाले, की थोडे पुढे सरकत. आरती झाली की पुन्हा आपापल्या रांगेत.

एका वर्षी कीर्तन आटोपल्यावर एक वयस्क बाई पुढे आल्या. बीड जिल्ह्यातून मुलाकडे आलेल्या. म्हणाल्या, "बुवा, उद्या मी भारूड म्हणू का? आमच्या आईचं पाठ आहे." मुलगा ओशाळला; गावाकडचे ते गावाकडे राहू दे, असे त्याचे म्हणणे दिसले. आम्ही म्हटले, "आजी, उद्याचे कीर्तन अर्ध्या तासाने आखडते घेतो, तो वेळ तुमचा." दुसऱ्या दिवशी त्यांनी पदर खोचला, हाती एकतारी घेतली, आणि विंचू चढू लागला तशी सारी गल्ली हसून लोळू लागली. ढोलकीला माणूस नव्हता. मागे उभ्या असलेल्यांपैकी एक बिहारी तरुण न बोलावता पुढे आला आणि ढोलक घेऊन बसला. भाषा त्याला निम्मीच कळत होती. ठेका पुरता कळत होता.

पुढच्या वर्षी त्या गल्लीत सात जणींचे भारूड मंडळ उभे होते. त्यांत परभणीची होती, जालन्याची होती; अमक्या जिल्ह्याची तमकी हे आम्हांस विचारून घ्यावे लागले, कारण आता त्या एकाच रांगेत बसत. कारखान्याचे दिवस फिरले तेव्हा त्या गल्लीतील काही कुटुंबे गावी परतली, काही उरली. जी उरली त्यांत कोणाच्या घरी कामाचा खाडा पडला, कोणाच्या मुलाची फी राहिली, हे सर्वांआधी या सात जणींस कळे. आणि कळल्यावर त्या स्वस्थ बसत नसत. आचार्य वात्स्यायनांचा तो संकेत संस्कृताचा गंधही नसलेल्या बायांनी आचरून दाखविला. शेजारच्याच रांगेत त्याच वर्षी मोठ्या आवाजाची यंत्रणा भाड्याने आणली होती, वर्गणीही अधिक जमली होती. परंतु ती यंत्रणा ज्या गाडीतून आली त्याच गाडीतून गेली. मागे काही उरले नाही.

वस्ती सजली, वस्तीकर गेले

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. कलेने वस्तीला शोभा येते, शोभेने नाव होते, आणि नाव झाले की जागेचा भाव वाढतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात सोहो नावाचा भाग आहे. तेथील जुन्या, ओस पडलेल्या गोदामांत १९६० च्या दशकात गरीब चित्रकार राहू लागले. त्यांच्यामुळे त्या भागाला कीर्ती मिळाली. मागोमाग उंची दुकाने आली, भाडी वाढली, आणि ज्यांनी तो भाग जागविला त्या कलावंतांपैकी बहुतेकांस तेथे राहणे परवडेनासे झाले.

आमच्या गिरणगावाचे कारण निराळे, परिणाम मात्र तसाच. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, त्यांच्या भूमीवर उंच इमारती आणि बाजारसंकुले उभी राहिली. कामगारांची मुले कल्याण, डोंबिवली, बदलापूर, विरारकडे गेली. उत्सव आजही लालबाग-परळात दिमाखात होतो. परंतु ज्यांच्या आजोबांनी तेथे टाळ धरला, त्यांतील कितीतरी जण आता लोकलने दीड-दोन तास प्रवास करून आपल्याच चाळीच्या गणपतीला पाहुण्यासारखे येतात. देव राहिला, भक्त दूर गेले. कलेने वस्ती जिवंत करावयाची ती वस्तीकरांसाठी. त्यांनाच घालवून उरलेली रोषणाई ही वस्तीची नव्हे, केवळ जमिनीची शोभा होय.

तरी निराश होण्याचे कारण नाही. जे दूर गेले, त्यांनी तेथेही नवा मांडव घातला. डोंबिवली हे दिवसभर मुंबईत राबून रात्री केवळ निजावयास येणाऱ्यांचे गाव, असा लौकिक होता. तेथील श्रीगणेश मंदिर संस्थानने १९९९ मध्ये गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढली. पालखी, लेझीम, ढोल-ताशे, चित्ररथ, रांगोळ्या. आणि त्यांत भाग घेणारे सर्व स्थानिक शाळांचे, मंडळांचे, सोसायट्यांचे लोक. ती प्रथा ठाण्यात, गिरगावात आणि महाराष्ट्रभर पसरली. झोपावयाच्या गावाने आपली सकाळ स्वतः घडविली.

आळीची कला कशी जपावी

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, ही आनंदाची वार्ता. परंतु शासनाने दर्जा दिला, म्हणून गल्लीत कला उत्पन्न होत नाही. ती गल्लीनेच उत्पन्न करावयाची असते. त्यासाठी आम्ही काही साध्या सूचना करू इच्छितो.

दहा दिवसांपैकी निदान तीन संध्याकाळी अशा असाव्यात, की त्यांत बाहेरचा एकही भाडोत्री कार्यक्रम नसावा. त्या दिवशी मंचावर फक्त वस्तीतील माणसे. गाता न येणाऱ्याने टाळ धरावा, टाळ न येणाऱ्याने सतरंजी अंथरावी. पण 'हे आम्ही केले' असे प्रत्येकास म्हणता यावे.

तालीम श्रावणात सुरू करावी. खरा समाज मांडवात नव्हे, तालमीत घडतो. दहा दिवसांच्या झगमगाटापेक्षा चाळीस रात्रींची तालीम माणसांस अधिक जवळ आणते. भांडणे होतात ती तालमीत, आणि मिटतात तीही तालमीत.

वस्तीतील वृद्धांकडे जे पाठांतर आहे ते विचारून घ्यावे. ओव्या, गौळणी, भारुडे, आरत्यांच्या जुन्या चाली घेऊन ही माणसे गावाहून आलेली असतात. शहरात आल्यावर त्यांस ते सांगण्याचा संकोच वाटतो. तो संकोच घालविणे हे तरुणांचे काम.

कामगारवस्तीने कामगार कल्याण मंडळाच्या भजन आणि नाट्यस्पर्धांकडे वळावे. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या मंडळाने कामगारांच्या कलेस व्यासपीठ दिले आहे. छत्रपती संभाजीनगरातील नाट्यगृहास संत एकनाथांचे नाव आहे. चितेगावच्या भारूड मंडळाने त्या रंगमंदिराच्या रंगमंचावर एकदा तरी पाऊल ठेवावे, अशी आमची मनीषा आहे. वर्गणी देणाऱ्या उद्योजकांनीही रोषणाईवर नाव झळकविण्यापेक्षा वस्तीला एक पेटी, एक तबला-डग्गा आणि तालमीसाठी छप्पर असलेली जागा द्यावी. दिवे विसर्जनाच्या रात्री उतरतात. पेटी वर्षभर वाजते.

आणि शेवटी आवाजाविषयी. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावू नये, असा २००० सालापासून नियम आहे. शासनाने ठरविलेल्या मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. हा नियम काहींस उत्सवाच्या आड येणारा वाटतो. आम्हांस तो कलेचा मित्र वाटतो. ज्या आवाजात शेजाऱ्याचा स्वर ऐकू येत नाही, तेथे समाज जमेल कसा? ज्याचे बाळ दचकून उठते, ज्याचा वृद्ध पिता कानांवर हात ठेवतो, तो शेजारी आपल्या मांडवापासून एक पाऊल दूर जातो. नाथांच्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. तरी त्यांचे भारूड चार शतकांपलीकडून आजही ऐकू येते.

वाचकहो, चितेगावच्या त्या खोल्यांत आज कोणी बीडचा, कोणी परभणीचा, कोणी पाटण्याचा राहतो. उद्या बिडकीनला आणखी सहस्रावधी येतील. त्यांस पगार उद्योग देईल, रस्ते आणि पाणी शासन देईल. परंतु शेजार त्यांस कोणी देऊ शकणार नाही. तो त्यांनी एका ठेक्यावर हात धरून स्वतः मिळवावा लागेल. गजानन हा गणांचा पती, समूहांचा स्वामी. गण विस्कळीत राहिले तर गणपतीची पूजा अपुरी राहते. म्हणून आपल्या गल्लीत या वर्षी निदान एक पद आपल्याच कंठाने, आपल्याच शेजाऱ्याच्या ठेक्यावर म्हटले जावे. आणि ज्यांची वस्ती, त्यांनाच तिच्यात सुखाने नांदता यावे, हीच त्या विघ्नहर्त्याच्या चरणी आमची प्रार्थना.